क्रांतीनंतरचा मंगळ

१९०५ ची रशियन क्रांती चिरडली गेली. जून १९०७ मध्ये झारने दुसरी ड्यूमाही (संसद) बरखास्त केली आणि बोल्शेविक पुढाऱ्यांना परदेशाची वाट धरावी लागली. अशा पडत्या काळात त्यांच्यातल्याच एका डॉक्टरने, अलेक्सांद्र बोग्दानोवने, क्रांती केव्हाच जिंकलेल्या मंगळावर कादंबरी बेतली. ‘लाल तारा’ १९०८ मध्ये प्रसिद्ध झाली.

मंगळाचं वेड तेव्हा युरोपभर होतं. १८७७ मध्ये स्कियापारेल्ली या इटालियन खगोलशास्त्रज्ञाला तिथे रेषा दिसल्यापासून, ते कालवेच असावेत या चर्चेला ऊत आला होता. बोग्दानोवने ते कालवे घेतले, पण त्याचा जीव अडकला होता वेगळ्या प्रश्नात: सत्ता हाती आल्यावर कारखाने कोणाच्या शब्दावर चालायचे?

कादंबरीत लेओनिद हा रशियन क्रांतिकारक मंगळवासीयांबरोबर तिथे जातो. कारखान्यात त्याला फलक दिसतात. कुठल्या उद्योगात श्रमाचे तास जास्त झालेत, कुठे कमी पडताहेत, याचे आकडे त्यावर सतत बदलत असतात. हुकूम कोणी सोडत नाही. आकडे वाचून ज्याला वाटेल तो काम बदलतो आणि त्या बदलाने आकडे पुन्हा हलतात. सांख्यिकी संस्थेने फक्त मोजत राहायचं. पुढे लेओनिद स्वतः कापडाच्या कारखान्यात राबतो, तेव्हा त्याचं लक्ष यंत्रावर टिकत नाही. शेजारचे कामगार न बोलता त्याच्या चुका सावरून घेतात, आणि तेच त्याला सलतं. नव्या व्यवस्थेत जुना माणूस कसा अवघडतो, हे इतक्या बारकाईने लिहिणारे थोडेच.

हा मंगळ स्वर्गही नाही. लोकसंख्या वाढते आहे, जंगलं आणि खनिजं आटताहेत. मग पृथ्वीवर वसाहत करायची का, यावर वाद होतो. स्टेर्नी हा थंड डोक्याचा शास्त्रज्ञ माणूसजात संपवायला सुचवतो. त्याचा एक युक्तिवाद आज वाचताना अंगावर येतो. पृथ्वीवर क्रांती सगळीकडे एकदम होणार नाही, ती काही देशांतच जिंकेल. बाकीचे देश त्यांना वेढतील आणि वर्षानुवर्षांच्या वेढ्यात तगलेला समाजवाद आतूनच विद्रूप होईल. लेओनिदची मंगळवासी प्रेयसी नेट्टी त्याला कडाडून विरोध करते, त्याचा बेत बारगळतो. पण भाकीत पानावर राहतं, आणि ते लिहिणारा स्वतः बोल्शेविक होता.

एप्रिल १९०८ मध्ये काप्री बेटावर लेखक गोर्कीकडे लेनिन आणि बोग्दानोव बुद्धिबळ खेळत बसल्याचं छायाचित्र प्रसिद्ध आहे. पुढच्याच वर्षी लेनिनने बोग्दानोवच्या तत्त्वज्ञानावर जाडजूड पुस्तकातून हल्ला चढवला आणि बोग्दानोव बोल्शेविक गटाबाहेर फेकला गेला. १९१७ नंतरही तो पक्षात परतला नाही. १९२१ मध्ये मॉस्कोत गोसप्लान हे नियोजन मंडळ उभं राहिलं. आकडे इथेही होते, पण पुढे पंचवार्षिक योजनांत ते वरून उतरणारे हुकूम बनले. हा फरक किरकोळ नव्हता. त्या योजनांआधीच, १९२३ मध्ये, गुप्त पोलिसांनी खुद्द बोग्दानोवलाच काही आठवडे कोठडीत ठेवलं.

कादंबरीतले मंगळवासी एकमेकांशी रक्ताची अदलाबदल करून आयुष्य वाढवतात. डॉक्टर बोग्दानोवने तेही मनावर घेतलं. १९२६ मध्ये मॉस्कोत त्याच्या नेतृत्वाखाली रक्तसंक्रमण संस्था सुरू झाली. १९२८ मध्ये क्षय आणि मलेरिया झालेल्या एका विद्यार्थ्याशी त्याने रक्त बदललं. विद्यार्थी वाचला, बोग्दानोव ७ एप्रिलला, वयाच्या ५४ व्या वर्षी गेला.

अमेरिकन लेखक किम स्टॅनली रॉबिन्सनने ‘रेड मार्स’मधल्या (१९९२) बंडखोराचं नाव आर्कादी बोग्दानोव ठेवलं, ते उगाच नव्हे. त्याच मालिकेतल्या ‘ब्लू मार्स’मध्ये (१९९६) क्रांती जिंकलेले गट पाव्होनिस पर्वतावर जमून राज्यघटना लिहितात. जमीन कोणाची, हवापाण्यासाठी वेगळं न्यायालय हवं का, यावर पानंच्या पानं वाद चालतो. आणि इथे तर माणसांनी खच्चून भरलेली पृथ्वीच मंगळाकडे जागा मागते आहे.