नवखा डिझायनर आणि अनुभवी हात : नाव कुणाचं लागतं?

फॅशनच्या धंद्यात नुसत्या पदवीवर कुणी डिझायनर होत नाही. कापड कुठून आणायचं, कारागिराकडून काम कसं करून घ्यायचं, गिऱ्हाइकाला भाव काय सांगायचा, हे कुणाच्या तरी हाताखालीच शिकावं लागतं. अशा जोडीचं ठळक उदाहरण म्हणजे गोव्याचे वेंडेल रॉड्रिक्स (१९६०–२०२०). कुणबी साडी पुन्हा चर्चेत आणणाऱ्या रॉड्रिक्स यांना २०१४ मध्ये पद्मश्री मिळाली.

स्वतःच्या नावाने

मुंबईच्या एसएनडीटीमध्ये रॉड्रिक्स पाहुणे शिक्षक होते. तिथली विद्यार्थिनी मसाबा गुप्ता यांना लॅक्मे फॅशन वीकच्या वाटेवर त्यांनीच आणलं. २००९ मध्ये, वयाच्या १९ व्या वर्षी मसाबा यांचं पहिलं कलेक्शन तिथे सादर झालं. पुढे त्या ओळखल्या गेल्या ठळक, भडक छपाईसाठी. गुरूचे कपडे मात्र साधे, मोकळे. त्यांनी शिष्येला वाट दाखवली, आपली नक्कल करायला लावली नाही.

गुरूच्या नावाने

दुसरा प्रकार वेगळा. २०१६ मध्ये रॉड्रिक्स यांनी कोलवाळ इथल्या वस्त्र-संग्रहालयाच्या कामासाठी लेबलमधून निवृत्ती घेतली आणि सूत्रं शुलेन फर्नांडिस यांच्याकडे दिली. त्याही आधी त्यांच्याकडेच शिकलेल्या. इथे हात नवे, पण कपड्यावरचं नाव जुनंच राहिलं.

शिकाऊंनी काय पाहावं?

दोन्ही वाटा चांगल्याच. फक्त आपण कुठल्या वाटेवर आहोत ते आधी कळायला हवं. कॉपीराइट कायदा, १९५७ च्या कलम १७ नुसार नोकरीत काढलेल्या रेखाटनांचा पहिला हक्क मालकाचा असतो, वेगळा करार नसेल तर. कपड्याच्या नक्षीसाठी डिझाइन कायदा, २००० खाली नोंदणी करता येते. ती १० वर्षं टिकते आणि ५ वर्षांनी वाढवता येते. पण अर्ज साधारणपणे नक्षी लोकांसमोर येण्याआधीच करावा लागतो. इन्स्टाग्रामवर फोटो टाकून मोकळं झालं की नंतर अडचण येते.

म्हणून कामाला लागण्याआधी तीन गोष्टी कागदावर घ्याव्यात : श्रेय कुणाला, पैसे किती, आणि सोडून जाताना आपली रेखाटनं बरोबर नेता येतील का. तोंडी शब्दावर विसंबलं तर शेवटी वाद होतो तो नावावरूनच.