सुकाणू: अरबी समुद्रावरून मराठीत आलेला शब्द आणि त्याचे अनेक अर्थ

मराठीच्या तासाला 'देशाचे सुकाणू' हा शब्दप्रयोग आला, तेव्हा मागच्या बाकावरच्या एका मुलाने विचारलं, "सर, हा त्यांचा शब्द ना? आपल्यात काय म्हणतात याला?" 'आपल्यात' म्हणजे घरच्या उर्दूत. या 'आपलं' आणि 'त्यांचं'चं उत्तर देता देता आमचा निम्मा तास संपला. तेच उत्तर इथे जरा सविस्तर देतो.

मूळ अर्थ

सुकाणू म्हणजे जहाजाच्या किंवा होडीच्या मागच्या टोकाला, पाण्यात बुडालेली उभी फळी. ती वळवली की वाहत्या पाण्याचा दाब तिच्या एका बाजूवर येतो, होडीचा मागचा भाग ढकलला जातो आणि तोंड दुसऱ्या दिशेला फिरतं. सुकाणू धरणारा तो सुकाण्या किंवा सुकाणी.

हा शब्द अरबी 'सुक्कान'पासून आला आहे. अरब व्यापाऱ्यांची गलबतं शेकडो वर्षं कोकण आणि गुजरातच्या बंदरांत येत होती. त्यांच्याबरोबर मालासारखेच शब्दही उतरले. गुजरातीत आजही 'सुकान' म्हणतात. इंग्रज खलाशांनी 'सुक्कानी'चं 'सीकनी' करून टाकलं. त्यांच्या भाषेत 'सी' म्हणजे समुद्र, त्यामुळे त्यांनाही तो आपलाच शब्द वाटला असावा! 1886 साली निघालेल्या 'हॉब्सन-जॉब्सन' या कोशात त्याची नोंद आहे.

सुकून, साकिन, सकीना

अरबीत बहुतेक शब्द तीन मूळ अक्षरांवर उभे असतात. इथे ती अक्षरं सीन, काफ आणि नून. याच अक्षरांपासून झालेले कितीतरी शब्द आपल्या घरात रोज बोलले जातात:

- सुकून: शांतता, स्वस्थता.
- सकीना: मनाला मिळणारी शांती. मुलीचं नावही आहे.
- मस्कन: राहण्याची जागा.
- साकिन: राहणारा. जुन्या मराठी दस्तांत माणसाच्या गावाआधी 'साकीन' लिहिलेलं आढळतं, ते हेच.
- मकतबमधला 'नून साकिन': ज्या नूनवर जबर, जेर, पेश काही नाही, म्हणजे जो स्थिर आहे तो.

आखाती देशात नोकरीला असलेल्यांना आणखी एक गंमत माहीत असेल. तिथल्या वर्तमानपत्रात 'सुक्कान' दिसलं, तर बहुतेक वेळा त्याचा अर्थ असतो रहिवासी, लोकसंख्या. लिहायचं अगदी तसंच, अर्थ मात्र वेगळा.

मग सुकाणूचा शांततेशी संबंध काय? जुन्या अरबी कोशकारांनी सांगितलं आहे की, ज्याच्यामुळे जहाज डगमगत नाही, स्थिर राहतं, ते सुक्कान. काही अभ्यासक मात्र हा शब्द आरामी भाषेतून अरबीत आला असं मानतात.

जहाजावर कुणाचं काम काय

अकबर बादशहाच्या काळात अबुल फजलने लिहिलेल्या 'आईन-ए-अकबरी'त जहाजावरच्या माणसांची यादी आहे. त्यात नाखुदा, मुअल्लिम, तांडेल, सरहंग, भंडारी हे सगळे आहेत. फारसी 'नाखुदा' म्हणजे नावेचा मालक. आपल्या किनाऱ्यावरचा 'नाखवा' तोच, आणि 'सरहंग'चा झाला 'सारंग'. सुकाणू धरणाऱ्याला तिथे 'सुक्कानगीर' म्हटलं आहे. तो मुअल्लिमच्या हुकमाप्रमाणे जहाज वळवतो.

मुअल्लिम म्हणजे शिक्षक. शाळेतला आणि समुद्रावरचा, दोघांनाही एकच शब्द! समुद्र कुठे खोल, कुठे उथळ आणि कुठला तारा कुठे, हे ज्याला ठाऊक तो मुअल्लिम. तो वाट सांगणार आणि सुकाणूवरचा हात ती पाळणार. हे वाचल्यावर आम्हा मास्तर मंडळींना थोडा अभिमान वाटला, आणि जबाबदारीही वाटली.

आजच्या मराठीतले अर्थ

किनाऱ्यापासून लांब राहणाऱ्यांना सुकाणू बहुधा दुसऱ्याच अर्थाने भेटतं. संस्थेचं सुकाणू हाती घेणं म्हणजे कारभार सांभाळणं. कामाला दिशा देणारी ती 'सुकाणू समिती'. 2017 च्या जूनमध्ये महाराष्ट्रात शेतकऱ्यांचा संप झाला, तेव्हा शेतकरी नेत्यांच्या सुकाणू समितीचं नाव घरोघरी पोचलं होतं. विमानाच्या शेपटीवरच्या उभ्या हलत्या भागालाही सुकाणूच म्हणतात.

एक गोष्ट मात्र लक्षात ठेवण्यासारखी आहे. उभ्या होडीत सुकाणू कितीही फिरवा, होडी वळत नाही. होडी चालती हवी, पाणी वाहतं हवं, तरच त्या फळीत जोर येतो. मोहल्ला कमिटीचं किंवा शाळेचं सुकाणू हातात घेणाऱ्यांनीही हे ध्यानात ठेवलेलं बरं. काम सुरूच नसेल, तर नुसतं पद धरून काय होणार?

त्या मुलाला दिलेलं उत्तर

तर बाळा, सुकाणू 'त्यांचा' शब्द नाही आणि फक्त 'आपला'ही नाही. अरबांनी आणला, कोळी, भंडारी, दालदी अशा सगळ्या दर्यावर्दींनी तो वापरला आणि मराठीने त्याला स्वतःचं रूप दिलं. मराठी पुस्तक उघडताना तू परक्याच्या घरात जात नाहीस. तुझ्या आजीचा 'सुकून' तिथे आधीपासूनच बसलेला आहे.

वाचकहो, आपल्या घरात कुणी दर्यावर काम केलेले बुजुर्ग असतील, तर त्यांच्याजवळ बसा. होडीच्या एकेका भागाला ते काय म्हणतात ते मुलांना वहीत उतरवून घ्यायला सांगा. होड्या बदलल्या, इंजिनं आली, आणि त्या शब्दांची गरज कमी होत चालली आहे. आज लिहून ठेवले नाहीत, तर उद्या विचारायला माणूस उरणार नाही.