सोपीव खाती आणि तिजोरीची किल्ली

मुलाच्या शाळेचा शिक्षक कोण नेमतो, दवाखान्यात औषध का नाही, गावात काम नसेल तर ते कोणाकडे मागायचे, हे प्रश्न प्रत्येक पालकाच्या मनात येतात. बहुधा आपण "सरकार" असे मोघम उत्तर देऊन मोकळे होतो. पण सरकार एक नसते. दिल्लीचे सरकार निराळे, राज्याचे निराळे, जिल्हा परिषद वा नगरपालिका निराळी. कोणते काम कोणाच्या हाती आणि त्या कामाचा पैसा कोणाच्या हाती, हे समजून घेतल्याशिवाय समाजाची मागणी योग्य दारापर्यंत पोहोचत नाही. आपल्याच मुंबई इलाख्याचा आणि पुढे महाराष्ट्राचा इतिहास या दृष्टीने फार बोधप्रद आहे.

द्विदल राज्यपद्धतीचा प्रारंभ

इंग्रजी अमदानीत प्रांतांची सरकारे ही प्रदीर्घ काळ वरिष्ठ सरकारची केवळ शाखा होती. २० ऑगस्ट १९१७ रोजी भारतमंत्री माँटेग्यू यांनी जबाबदार राज्यपद्धती क्रमाक्रमाने देण्याची घोषणा केली आणि १९१९ चा कायदा आला. या कायद्याने प्रथमच काही विषय प्रांतांकडे सोपविले. मात्र प्रांतातही त्यांचे दोन भाग पडले. शिक्षण, सार्वजनिक आरोग्य, स्थानिक स्वराज्य, शेती, सहकार, उद्योगधंद्यांची वाढ व अबकारी ही "सोपीव खाती" लोकनियुक्त कायदेमंडळाला जबाबदार असलेल्या मंत्र्यांकडे गेली. पोलीस, जमीन महसूल, पाटबंधारे आणि मुख्य म्हणजे अर्थखाते ही "राखीव खाती" गव्हर्नर व त्यांच्या कार्यकारी मंडळाकडेच राहिली. म्हणून या व्यवस्थेला द्विदल राज्यपद्धती असे नाव पडले.

१९२१ साली मुंबई इलाख्यात पहिले तीन मंत्री झाले. केंब्रिजचे पहिले भारतीय सीनिअर रँग्लर, कोकणातील मुर्डी गावचे रघुनाथ पुरुषोत्तम परांजपे यांच्याकडे शिक्षण आले. सिंधचे गुलाम हुसेन हिदायतुल्ला यांच्याकडे स्थानिक स्वराज्य. आणि तिसरे चुनीलाल मेहता. सिंध त्या वेळी मुंबई इलाख्यातच होता. तो १९३६ मध्ये वेगळा झाला. १९२० च्या दशकाच्या अखेरीस पुण्याचे मौलवी रफिउद्दीन अहमद हेही शिक्षणमंत्री झाले. कायदेमंडळाच्या अध्यक्षपदी १९२३ पासून सर इब्राहिम रहिमतुल्ला होते. त्यांनी आणि चिमणलाल सेटलवाड यांनी या शतकी लढ्याच्या आरंभीच, म्हणजे १९०६ च्या सुमारास, मुंबई शहरात सक्तीचे प्राथमिक शिक्षण व्हावे म्हणून खटपट केली होती. तेव्हा सरकारी समितीने लोक अजून तयार नाहीत असे ठरवून तो विषय मिटविला. गोखल्यांचे विधेयकही १९१२ साली फेटाळले गेले. शिक्षणासाठी झगडणाऱ्यांच्या या यादीत आपल्या समाजाचे नाव पहिल्यापासून आहे, ही गोष्ट विद्यार्थ्यांनी ध्यानात ठेवावी.

काम दिले, पैसा दिला नाही

या प्रयोगाचे खरे दुखणे होते ते पैशाचे. नव्या वाटणीत प्राप्तिकर वरिष्ठ सरकारने घेतला. मुंबई हे गिरण्यांचे व व्यापाराचे शहर. येथे धंदा वाढला की प्राप्तिकर वाढे, पण तो प्रांताच्या तिजोरीत येत नसे. उलट मेस्टन समितीच्या निवाड्याने मुंबई इलाख्यानेच दरसाल ५६ लाख रुपये वरिष्ठ सरकारला द्यावेत असे ठरले. प्रांताच्या हाती उरले ते मुख्यतः जमीन महसूल आणि अबकारी. जमीन महसुलाची आकारणी तीस-तीस वर्षांसाठी ठरलेली, म्हणून तो वाढत नसे. राहिली अबकारी, म्हणजे दारूचे उत्पन्न. मुलांच्या शाळा चालवायच्या तर बापांनी दारू प्यावी, असा हा विचित्र पेच होता. डॉ. बाबासाहेब आंबेडकर १९२७ मध्ये मुंबई कायदेमंडळात आले आणि अंदाजपत्रकावरील आपल्या भाषणात त्यांनी नेमके यावरच बोट ठेवले: लोकांकडून अबकारीच्या रूपाने जेवढे घेता, तेवढे तरी त्यांच्या शिक्षणावर खर्च करा.

१९२३ चा प्राथमिक शिक्षण कायदा हे सोपीव खात्यांचे सर्वांत मोठे काम. या कायद्याने प्राथमिक शाळांचा कारभार जिल्हा लोकल बोर्डे व मोठ्या नगरपालिका यांच्याकडे आला आणि त्यासाठी स्कूल बोर्डे स्थापन झाली. स्थानिक संस्थेने सक्तीच्या शिक्षणाची योजना करावी; वाढीव खर्चापैकी जिल्हा बोर्डांना दोन तृतीयांश व नगरपालिकांना निम्मा वाटा सरकारने द्यावा, अशी तरतूद होती. तरतूद उत्तम होती. परंतु योजनेला मंजुरी हवी ती सरकारची, आणि अर्थखाते राखीव! शिक्षणमंत्र्याने "हो" म्हणावे आणि अर्थखात्याने "पैसे नाहीत" म्हणावे, असे घडू लागले. १९२९ नंतर जागतिक मंदी आली आणि सक्तीच्या शिक्षणाची गती फारच मंदावली.

तरीही या कायद्याचा एक लाभ झाला. शाळा कोणत्या मोहल्ल्यात उघडायची, उर्दूचा वर्ग कोठे जोडायचा, मुलींसाठी शिक्षिका कोठे मिळायची, हे प्रश्न आता पुणे-मुंबईच्या कचेरीतून जिल्ह्याच्या गावी आले. जेथे पालक जागे होते, स्कूल बोर्डाच्या सभासदांच्या दारी जात होते आणि मुले पटावर आणून दाखवीत होते, तेथे त्यांच्या मागणीला वजन आले. जेथे पालक गप्प बसले, तेथे कायदा कागदावर राहिला.

ठराव आणि त्याचा वापर

कागद आणि व्यवहार यांतील अंतराचे सर्वांत बोलके उदाहरण त्याच वर्षीचे आहे. ४ ऑगस्ट १९२३ रोजी सीताराम केशव बोले यांचा ठराव मुंबई कायदेमंडळाने संमत केला. सार्वजनिक पैशाने बांधलेले पाणवठे, विहिरी, धर्मशाळा, तसेच सरकारी शाळा, कचेऱ्या व दवाखाने अस्पृश्य मानलेल्या लोकांना खुले असावेत, असा तो ठराव होता. महाड नगरपालिकेने १९२४ मध्ये आपले चवदार तळे खुले केल्याचा ठरावही केला. परंतु प्रत्यक्ष त्या तळ्याचे पाणी घेण्यासाठी २० मार्च १९२७ रोजी डॉ. आंबेडकरांना हजारो लोकांसह महाडला जावे लागले, आणि न्यायालयातील तंटा संपण्यास १९३७ साल उजाडले. सार्वजनिक सोय ही ठरावाने जन्मते, पण वापराने जगते. हा धडा केवळ एका समाजापुरता नाही.

१९३५ च्या कायद्याने द्विदल पद्धती प्रांतांतून गेली आणि १९३७ मध्ये बाळासाहेब खेर यांचे मंत्रिमंडळ आले. त्यात बांधकाम खाते महमद यासीन नुरी यांच्याकडे होते. आता अर्थखातेही मंत्र्यांकडेच आले. या सरकारने प्रौढ शिक्षणाची मोहीम काढली, १९३८ चा औद्योगिक तंट्यांचा कायदा केला. पण १ ऑगस्ट १९३९ रोजी मुंबईत दारूबंदी सुरू करताना अबकारीची तूट भरून काढण्यासाठी शहरातील घरे-इमारतींवर १० टक्के कर बसवावा लागला आणि त्यावरून मोठा असंतोष झाला. किल्ली हाती आली तरी तिजोरीत भर कोणी घालायची, हा प्रश्न सुटत नाही, हेच यातून दिसले. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये मंत्रिमंडळाने राजीनामा दिला.

रोजगाराची हमी

स्वातंत्र्यानंतर राज्यघटनेने राज्यांना आपले विषय नेमून दिले. १ मे १९६० रोजी महाराष्ट्र राज्य झाले आणि १ मे १९६२ पासून जिल्हा परिषदा कामाला लागल्या. या राज्याने देशाला दिलेली सर्वांत मोठी देणगी कोणती, असे विचारले तर रोजगार हमी योजनेचे नाव घ्यावे लागेल.

विधान परिषदेचे सभापती वि. स. पागे यांनी १९६५ मध्ये तासगाव तालुक्यातील विसापूर येथे लहान प्रमाणावर हा प्रयोग केला होता. १९७० ते ७३ या काळात अवर्षण पडले. मे १९७३ मध्ये दुष्काळी कामांवर जवळजवळ ५० लाख माणसे खडी फोडीत, बांध घालीत होती. मुख्यमंत्री वसंतराव नाईक यांच्या काळात, १९७२ साली, ही योजना सुरू झाली. १९७७ मध्ये तिचा कायदा झाला आणि २६ जानेवारी १९७९ पासून तो अमलात आला. ग्रामीण भागातील प्रौढ माणसाने अंगमेहनतीचे काम मागितले, तर ते देणे सरकारवर बंधनकारक झाले. न दिल्यास बेकारी भत्ता.

आमच्या विषयाच्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाचे आहे ते पैशाचे कलम. १९७५ मध्ये व्यवसाय कर बसविला गेला. शहरातील नोकरदार, वकील, डॉक्टर व व्यापारी यांच्याकडून घेतलेला हा कर, इतर काही अधिभार आणि तितकीच रक्कम सरकारची, असा स्वतंत्र निधी या योजनेसाठी बांधला गेला. १९२३ च्या कायद्यात जे नव्हते ते येथे होते: कर्तव्याच्या शेजारीच त्याचा पैसा. या योजनेतही हजेरीपटाचे घोटाळे झाले, मजुरी उशिरा मिळाली, कामे लांब निघाली. पण लाखो स्त्रिया स्वतःची मजुरी स्वतःच्या हाती घेऊ लागल्या, हे नाकारता येणार नाही. २००५ मध्ये संसदेने देशभरासाठी रोजगार हमीचा कायदा केला, त्याच्या मागे महाराष्ट्राचा हा अनुभव होता.

याच योजनेला १९९० साली फळबागांची जोड दिली गेली. शेतकऱ्याने स्वतःच्या जमिनीत आंबा, काजू, बोर, डाळिंब लावावे आणि लागवडीचा खर्च योजनेतून मिळावा, ही नवी कल्पना होती. तिच्यामागे राज्यानेच उभारलेले संशोधनही होते. १९७२ मध्ये दापोलीचे कोकण कृषी विद्यापीठ निघाले. वेंगुर्ल्याच्या फळसंशोधन केंद्रात नीलम व हापूस यांच्या संकरातून झालेली रत्ना ही आंब्याची जात १९८१ मध्ये बाहेर आली. काजूच्या वेंगुर्ला नावाच्या जाती कोकणभर गेल्या. संशोधन, काम आणि पैसा ही तीन सूत्रे एका हाती आली की ओसाड वरकस जमिनीतही बाग उभी राहते.

आपण काय घ्यावे

या सत्तर-पाऊणशे वर्षांच्या वाटचालीतून दोन गोष्टी स्पष्ट होतात. पहिली अशी की, अधिकार जवळ आला म्हणून काम होत नाही. अधिकारासोबत पैशाची निश्चित तरतूद यावी लागते. म्हणून शाळा, वसतिगृह वा दवाखान्याची मागणी करताना आश्वासनावर संतुष्ट न राहता अंदाजपत्रकात रक्कम पडली का, हे विचारण्याची सवय लावून घ्यावी. दुसरी अशी की, पैसा आला तरी तो वापरून घेणारा नागरिक जागा असावा लागतो.

यासाठी दूर जाण्याची आवश्यकता नाही. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याने सरकारी व स्थानिक संस्थांच्या शाळांत व्यवस्थापन समिती नेमली आहे. तिच्यात तीन चतुर्थांश सभासद पालक असावेत आणि निम्म्या स्त्रिया असाव्यात, असा नियम आहे. १९२३ साली आपल्या पूर्वजांना स्कूल बोर्डाच्या दारी जावे लागे. आज पालकाला त्या खुर्चीवरच बसता येते. आपल्यापैकी किती माता-पित्यांना त्या समितीच्या सभेची तारीख ठाऊक असते?

विद्यार्थी मित्रांनो, रहिमतुल्ला, रफिउद्दीन अहमद वा नुरी ही नावे केवळ परीक्षेसाठी पाठ करू नका. राज्याचा कारभार कसा चालतो हे शिका, अंदाजपत्रक वाचायला शिका, स्पर्धा परीक्षांना बसा आणि कचेरीत मागणारे म्हणून जाता तसे उद्या देणारे म्हणूनही बसा. आणि पालकांनी पुढच्या सभेच्या दिवशी एक तास काढून शाळेत जावे. शाळेचा पट, शिक्षकांच्या रिकाम्या जागा आणि आलेले अनुदान या तीनच गोष्टी विचाराव्यात. सुरुवातीला एवढे पुष्कळ आहे.