शेवटचं कोर्ट: गिरणगाव, लंडन, दिल्ली

नायगाव-वडाळ्याची स्प्रिंग मिल बॉम्बे डाइंगची. गिरणीच्या जागी नवं बांधकाम करायचं, तर जमिनीचा साधारण तिसरा हिस्सा मोकळ्या जागेसाठी महापालिकेला आणि जवळजवळ तेवढाच घरांसाठी म्हाडाला द्यायचा, असा 1991चा नियम होता. 2001मध्ये सरकारने तो बदलला. वाटणी फक्त मोकळ्या जमिनीची राहिली, इमारतींखालची जमीन वगळली गेली. या बदलाला आव्हान देणाऱ्या पर्यावरणवाद्यांचं म्हणणं उच्च न्यायालयाने 2005मध्ये मान्य केलं. बॉम्बे डाइंग दिल्लीला सर्वोच्च न्यायालयात अपिलात गेली आणि 7 मार्च 2006 रोजी दोन न्यायमूर्तींनी तो निकाल फिरवला. गिरणगावाच्या वाट्याची मैदानं आणि घरं त्या निकालाने आटली.

मुंबईकरांचं हे शेवटचं कोर्ट पूर्वी लंडनला होतं.

मुंबईत 1824 ते 1862 'सुप्रीम कोर्ट' होतं खरं, पण त्याच्यावरचं अपील लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलकडे जाई. 1862मध्ये उच्च न्यायालय आलं, तरी ती वाट तशीच राहिली. 1908मध्ये राजद्रोहाच्या खटल्यात टिळकांना सहा वर्षांची शिक्षा झाली. दादासाहेब खापर्डे लंडनला गेले, पण प्रिव्ही कौन्सिलने अपिलाची परवानगीच नाकारली. ताई महाराज दत्तक प्रकरणात मात्र उच्च न्यायालयात हरलेले टिळक 1915मध्ये तिथेच जिंकले. पुढे त्या न्यायासनावर मुंबईची माणसंही बसली: 1930मध्ये सर दिनशा मुल्ला, 1939मध्ये मुकुंदराव जयकर.

भारतातून प्रिव्ही कौन्सिलकडे जाणारी अपिलं ऑक्टोबर 1949मध्ये थांबली. त्याच वर्षी मे महिन्यात घटना समितीत नव्या सर्वोच्च न्यायालयाचे न्यायाधीश नेमायचे कुणी, यावर चर्चा झाली. दादरच्या 'राजगृहा'चे डॉ. आंबेडकर तेव्हा ठामपणे म्हणाले की सरन्यायाधीशांचा सल्ला हवाच, पण त्यांच्या संमतीशिवाय नेमणूक होऊ नये अशी तरतूद धोक्याची ठरेल. सर्वोच्च न्यायालयाच्या 1993च्या निकालाने मात्र सरन्यायाधीश आणि ज्येष्ठ न्यायमूर्तींचा शब्द वरचढ केला. ज्येष्ठ न्यायमूर्तींनीच नेमणुका ठरवण्याची कॉलेजियमची पद्धत तिथून आली.

1950मध्ये घटनेने सर्वोच्च न्यायालयाला सरन्यायाधीशांसह आठ जागा दिल्या. 2019मध्ये त्या 34 झाल्या. हे सगळे एकत्र बसत नाहीत. रोजची अपिलं दोघा-तिघांपुढे चालतात. घटनेच्या अर्थाचा महत्त्वाचा प्रश्न असेल तर निदान पाच जण लागतात. मुंबईच्या फुटपाथवर राहणाऱ्यांचा ओल्गा टेलिस खटला अशाच पाच जणांपुढे चालला. 1985मध्ये सरन्यायाधीश यशवंत चंद्रचूड यांनी उपजीविकेचा हक्क हा जगण्याच्या हक्काचाच भाग मानला. तरीही फुटपाथवरून हटवण्याचा पालिकेचा अधिकार कायम राहिला.

घटनेच्या 130व्या अनुच्छेदानुसार राष्ट्रपतींच्या मान्यतेने सरन्यायाधीश दिल्लीबाहेरही न्यायालय बसवू शकतात. पश्चिम भारतासाठी मुंबईत खंडपीठ असावं, ही मागणी रास्त आहे. कंपनी दिल्लीत नामांकित वकील उभा करू शकते. वडाळ्याच्या चाळीतल्या अपीलकर्त्याला तिकिटापासून वकिलाच्या फीपर्यंत सगळं पदरमोड करून जमवावं लागतं.