रोज एक चित्र : पेगी गुगेनहाइम

१/ ९ एप्रिल १९४०. हिटलरच्या फौजा नॉर्वेत शिरल्या. त्याच दिवशी पॅरिसमध्ये एक अमेरिकी स्त्री चित्रकार फेर्नां लेजेच्या स्टुडिओत गेली आणि त्याचे १९१९ सालचे चित्र एक हजार डॉलरना विकत घेऊन आली. तिचे नाव पेगी गुगेनहाइम.

२/ जन्म १८९८, न्यूयॉर्क. खाणी व धातुउद्योगावर श्रीमंत झालेले ज्यू घराणे. वडील बेंजामिन १९१२ मध्ये टायटॅनिकबरोबर बुडाले. एकविसाव्या वर्षी वारसा हाती आला. चुलत्यांच्या संपत्तीपुढे तो बेताचा होता, पण तिला स्वातंत्र्य देण्यास पुरेसा ठरला.

३/ १९३८ मध्ये तिने लंडनला कलादालन उघडले. मार्सेल द्यूशांने तिची नजर घडवली. पुढे समीक्षक हर्बर्ट रीडसह आधुनिक कलेचे संग्रहालय उभारण्याचा बेत ठरला, तो महायुद्धाने मोडला. मग रीडची यादी घेऊन तिने पॅरिसमध्ये संकल्प सोडला : रोज एक चित्र.

४/ येथेच वादाचा मुद्दा उभा राहतो. जीव मुठीत धरून पळू पाहणारे कलावंत पडेल भावात चित्रे विकत होते. हा आधार होता की अडचणीचा फायदा? एक मात्र खरे, की त्या दिवसांत दुसरे गिऱ्हाईक सहसा फिरकत नव्हते.

५/ ही चित्रे जपून ठेवण्याइतक्या मोलाची नाहीत, असे लूव्ह्र संग्रहालयाने ठरवल्याचे तिने लिहून ठेवले आहे. अखेर ग्रेनोबलहून घरगुती सामान म्हणून ती अमेरिकेस रवाना झाली. जुलै १९४१ मध्ये पेगी स्वतः चित्रकार माक्स अर्न्स्टसह न्यूयॉर्कला पोहोचली.

६/ १९४२ मध्ये तिने तेथे ‘आर्ट ऑफ धिस सेंच्युरी’ हे दालन उघडले. तिचे काका सॉलोमन यांच्या संग्रहालयात किरकोळ कामे करणाऱ्या एका चित्रकाराला तिने महिना १५० डॉलरचा करार दिला आणि १९४३ मध्ये त्याचे पहिले एकल प्रदर्शन भरवले. तो जॅक्सन पोलॉक.

७/ १९४६ मध्ये तिचे आत्मचरित्र आले. त्यातील स्पष्टोक्तीने खळबळ उडाली. पुढे तिच्या संग्रहापेक्षा प्रेमप्रकरणांचीच चर्चा अधिक झाली.

८/ १९४८ च्या व्हेनिस बिएनालेत यादवीमुळे ग्रीसचे दालन रिकामे होते. तेथे तिचा संग्रह मांडला गेला. पुढल्याच वर्षी तिने व्हेनिसमध्ये वाडा घेतला. १९७९ मध्ये तिचे निधन झाले. वाड्याच्या बागेत, लाडक्या कुत्र्यांशेजारी, तिच्या अस्थी आहेत. आत, भिंतींवर, एके काळी ‘घरगुती सामान’ ठरलेली ती चित्रे.