निऑनचा दुसरा इलेक्ट्रॉन

लाल निऑन पाट्यांच्या नळीत धावत्या इलेक्ट्रॉनांच्या धडकांनी काही अणूंचा एकेक इलेक्ट्रॉन सुटतो. त्याला २१.६ इलेक्ट्रॉन व्होल्ट ऊर्जा लागते. उरलेला धनभारित आयन बाकीचे इलेक्ट्रॉन अधिक घट्ट धरतो. दुसरा काढायला जवळपास दुप्पट, ४१ इलेक्ट्रॉन व्होल्ट हवेत. फोटॉन आपली सगळी ऊर्जा एकदम देऊन संपतो. दृश्य प्रकाशाच्या फोटॉनजवळ जेमतेम २ ते ३ इलेक्ट्रॉन व्होल्ट असतात, म्हणून येथे ३० नॅनोमीटर किंवा त्याहून आखूड लहरींचे अतिनील किरण लागतात. धडकणारा इलेक्ट्रॉन मात्र ऊर्जेचा काही भाग देऊन पुढे जातो. किमान ऊर्जेपाशी आयनीभवनाची शक्यता शून्य असते, मग ती वाढते आणि इलेक्ट्रॉन फार वेगवान झाला की पुन्हा घटते. फोटॉनांच्या प्रयोगांना लागणारे वरील अतिनील किरण देणारे ‘इंडस-१’ हे यंत्र मध्य प्रदेशात, इंदूरच्या राजा रामण्णा प्रगत तंत्रज्ञान केंद्रात १९९९ मध्ये कार्यान्वित झाले. फोटॉनने आणि इलेक्ट्रॉनच्या धडकेने होणाऱ्या आयनीभवनाची, अशी दोन्ही मापे हाती असली, तरच तेजोमेघांच्या वर्णपटातून तिथल्या वायूची स्थिती नेमकी कळते. म्हणून ही मापे मोलाची. — संपादक