दयेपासून न्यायापर्यंत : कॅथलिक धर्मभगिनींच्या कार्याची वाटचाल

कुर्डुवाडीहून पंढरपुरास जाणाऱ्या लोहमार्गावर मोडनिंब हें एक स्टेशन लागतें. सोलापूर जिल्ह्याच्या माढा तालुक्यांतील हें गांव भीमा आणि सीना या दोन नद्यांच्या मधल्या पट्ट्यांत वसलेलें आहे. नद्या दोन असल्या तरी पाऊस बेभरंवशाचा. त्यामुळें ज्वारीवर जगणाऱ्या या मुलखांत दुष्काळ हा पाहुणा राहिलेला नसून घरचाच होऊन बसलेला आहे. १९०६ सालीं बार्शी लाइट रेल्वेची चिमुकली गाडी येथून पंढरपूरपर्यंत धांवूं लागली, तेव्हां वारकऱ्यांची मोठीच सोय झाली. परंतु पंढरीची वाट केवळ वारकरीच चालत असत असें नाहीं. जिला सासर उरलें नाहीं, माहेर विचारीत नाहीं, आणि जिच्या पोटचें मूल समाजाला दाखवितां येत नाहीं, अशी विधवाहि विठोबाच्या आश्रयास येत असे; आणि पुष्कळदां तें मूल तेथेंच सोडून तिला परत फिरावें लागे.

अशा अर्भकांसाठीं पंढरपुरांत १८७५ सालीं जें घर निघालें, तें काढणारे लालशंकर उमियाशंकर हे गृहस्थ व्यवसायानें न्यायाधीश होते. प्रार्थना समाजाच्या आश्रयाखालीं हें घर पुढें वाढलें व नवरंगे बालकाश्रम या नांवानें प्रसिद्धीस आलें. न्यायासनावर बसणाऱ्या मनुष्यानें दयेचें घर उभारावें, यांत एक मार्मिक अर्थ आहे. अर्भकाचा जीव घेणाऱ्या मातेस शिक्षा देण्याचें सामर्थ्य त्या काळच्या कायद्यांत होतें; परंतु तिच्यावर तसा प्रसंगच येऊं नये म्हणून कांहीं करण्याचें सामर्थ्य त्यांत नव्हतें. जेथें न्यायाचा हात पोंचत नाहीं तेथें दयेनें पुढें व्हावें, अशी ही वांटणी होती. जोतीराव फुले यांनीं १८६३ सालीं पुण्यांत काढलेलें बालहत्या प्रतिबंधक गृह, पंडिता रमाबाईंचें १८८९ चें शारदासदन, धोंडो केशव कर्वे यांचा १८९६ चा अनाथ बालिकाश्रम, हीं सर्व याच मार्गावरचीं विसाव्याचीं ठिकाणें होत. कॅथलिक धर्मभगिनींचें कार्य महाराष्ट्रांत समजून घ्यावयाचें तर तें या परंपरेच्या शेजारीं ठेवून पाहिलें पाहिजे. कारण त्यांच्याहि इतिहासाचा गाभा हाच आहे, कीं दया कोठें संपते आणि न्याय कोठें सुरू होतो.

या भगिनींचा इतिहास रस्त्यावर सुरू होत नाहीं, तो भिंतींच्या आड सुरू होतो. जुन्या गोव्यांतील सांता मोनिका मठाचा पाया १६०६ सालीं घातला गेला आणि १६२७ सालीं तो पुरा झाला. त्याच्या जाड भिंती आजहि उभ्या आहेत. त्या काळीं व्रतस्थ स्त्रीनें मठाबाहेर पाऊल टाकूं नये असा कडक दंडक होता. १५६६ सालीं पोप पांचवे पायस यांनीं तो अधिकच आवळला होता. प्रार्थना हेंच तिचें कार्य, आणि एकांत हीच तिची मर्यादा. या दंडकांतून पहिली पळवाट फ्रान्सनें काढली. १६३३ सालीं व्हिन्सेंट डी पॉल आणि लुईज डी मारियाक यांनीं पॅरिस शहरांत एक भगिनीमंडळ स्थापन केलें, तें मुद्दामच मठाचें रूप न देतां. मठ म्हटला कीं भिंत आली, आणि भिंत आली कीं रुग्णाच्या बिछान्यापर्यंत जाणें थांबलें, हें त्या दोघांनीं ओळखलें होतें.

एकोणिसाव्या शतकांत ही वाट हिंदुस्थानापर्यंत आली. फ्रान्समधील लिऑं शहरीं १८१८ सालीं स्थापन झालेल्या जीझस अँड मेरी संघाच्या भगिनी १८४२ सालीं आग्र्यास येऊन पोंचल्या. १८७७ सालीं उटकमंड येथें मदर मेरी ऑफ द पॅशन यांनीं फ्रान्सिस्कन मिशनरीज ऑफ मेरी हा संघ काढला. १८९७ सालीं मारी लुईज डी मेस्टर या बेल्जियन भगिनीनें तामिळ मुलखाच्या दक्षिण टोंकाशीं मुळगुमुडू या गांवीं अनाथ मुलींच्या सांभाळापासून आरंभ केला, आणि त्यांतून आणखी एक संघ उदयास आला. म्हणजे यांतील दोन संघ परदेशांतून आयात झालेले नसून याच भूमीवर जन्मास आलेले आहेत, ही गोष्ट बहुधा लक्षांत राहत नाहीं.

या भगिनींनीं शाळा काढल्या, दवाखाने चालविले, अनाथालयें सांभाळलीं. सुशिक्षित शहरी कुटुंबांना त्यांची ओळख आहे ती बहुधा कॉन्व्हेंट शाळेमुळें. या शाळांनीं मुलींच्या शिक्षणास मोठा हातभार लावला, हें निर्विवाद आहे. परंतु त्याबरोबर हेंहि खरें, कीं कांहीं ठिकाणीं त्या शाळा सुखवस्तु घरांच्या झाल्या, आणि ज्या गरिबांसाठीं व्रत घेतलें ते गरीब फाटकाबाहेर राहिले. हा आक्षेप बाहेरच्यांनीं घेतला तसा पुढें खुद्द भगिनींनींहि घेतला.

नियम हे ईश्वराचे नसून माणसांचे असतात, हें त्यांना एका वेगळ्याच प्रश्नानें शिकविलें. पडद्यांतील स्त्री पुरुष डॉक्टरपुढें येत नसे. मरण पत्करी, पण तपासणी पत्करीत नसे. आणि धर्मभगिनींना तर डॉक्टर म्हणून काम करण्यास, विशेषतः बाळंतपण करण्यास, चर्चच्या कायद्यानें मनाई होती. ॲना डेंगल या ऑस्ट्रियन डॉक्टर स्त्रीनें रावळपिंडीच्या रुग्णालयांत हें दुःख प्रत्यक्ष पाहिलें आणि १९२५ सालीं वैद्यकीय सेवेला वाहिलेला एक संघ स्थापन केला. तिची आणि तिच्यासारख्या इतरांची खटपट चालू राहिली, आणि अखेरीस ११ फेब्रुवारी १९३६ रोजीं रोमनें ती मनाई उठविली. भारतांतील बाळंतिणींच्या मृत्यूनें रोममधील कायदा बदलला असें म्हटलें तर तें वावगें होणार नाहीं.

तथापि येथपर्यंतचें कार्य दयेचेंच होतें. भुकेल्याला अन्न, रोग्याला औषध, अनाथाला छत्र. भूक कां लागते, हा प्रश्न विचारण्याची प्रथा नव्हती. पोप तेरावे लिओ यांनीं १८९१ सालीं कामगारांच्या न्याय्य वेतनाचा पुरस्कार केला होता खरा. परंतु भगिनींच्या दिनक्रमांत त्याचें पडसाद उमटण्यास दुसरी व्हॅटिकन परिषद व्हावी लागली. १९६२ ते १९६५ या काळांत भरलेल्या या परिषदेनें प्रत्येक संघास आपल्या मूळ प्रेरणेकडे परत जाण्यास सांगितलें. १९६७ सालीं रोममध्यें न्याय आणि शांतता यांसाठीं स्वतंत्र आयोग नेमला गेला, आणि १९७१ सालच्या बिशपांच्या सभेनें न्यायासाठीं झटणें हा धर्मकार्याचाच अविभाज्य भाग ठरविला. पुढें १९८३ सालीं व्हँकूव्हर येथें जागतिक ख्रिस्ती मंडळ्यांच्या परिषदेंत न्याय आणि शांतता यांच्या जोडीस सृष्टीची अखंडता हा तिसरा शब्द आला, आणि कॅथलिक संघांनींहि ही त्रिसूत्री आपली मानली.

हीं सूत्रें कागदावर सोपीं होतीं. त्यांचा अर्थ मुंबईंत एका बेल्जियन भगिनीनें लावून दाखविला. सिस्टर जान डेव्होस या मुळगुमुडूच्या त्या संघांतल्याच. त्या १९६३ सालीं भारतांत आल्या, आणि १९८५ सालीं त्यांच्या पुढाकारानें घरकाम करणाऱ्या स्त्रियांची राष्ट्रीय चळवळ उभी राहिली. येथें एक गोष्ट स्पष्ट केली पाहिजे. घरकामगार स्त्रिया कोणी येऊन जागें करीपर्यंत झोंपलेल्या होत्या असें मुळींच नाहीं. पुण्यांतील मोलकरणींनीं १९८० सालींच संप पुकारला होता, आणि त्यांतून त्यांची स्वतःची संघटना निघाली होती. भगिनींचें श्रेय इतकेंच, कीं त्यांनीं दान घेऊन येण्याऐवजीं या स्त्रियांच्या सभेंत त्यांच्या शेजारीं बसणें पत्करलें.

'मोलकरीण' हा शब्दच विचार करण्यासारखा आहे. मोल घेऊन काम करणारी, असा त्याचा सरळ अर्थ. भाषेनें तिच्या श्रमाला मोल आहे हें केव्हांच कबूल केलें होतें. व्यवहारानें मात्र तें कबूल केलें नाहीं. तिच्या कामाचे तास मोजलेले नाहींत, रजा ठरलेली नाहीं, आजारपणाचा दिवस पगारांतून वजा, आणि घरांतील एखादी वस्तु हरवली कीं पहिला संशय तिच्यावर. ज्या चहाच्या कपांतून तिला चहा मिळतो तो कप पुष्कळ घरांत निराळा ठेवलेला असतो. या गोष्टींवर दया करून भागत नाहीं. तेथें नियम लागतो.

नियम हळूहळू आले. १० ऑक्टोबर २००६ पासून चौदा वर्षांखालील मुलांना घरकामास ठेवण्यास केंद्र सरकारनें मनाई केली. २००८ सालीं महाराष्ट्राच्या विधिमंडळानें घरेलू कामगार कल्याण मंडळाचा कायदा केला. १६ जून २०११ रोजीं जिनिव्हा येथें आंतरराष्ट्रीय श्रमसंघटनेनें घरकामगारांसाठीं १८९ क्रमांकाचा करार ३९६ विरुद्ध १६ मतांनीं संमत केला. त्यासाठीं देशोदेशींच्या घरकामगार संघटना झटल्या होत्या, त्यांत ही चळवळहि होती. २०१३ च्या लैंगिक छळविरोधी कायद्यांत राहतें घर हेंहि कामाचें ठिकाण मानलें गेलें. परंतु जिनिव्हाच्या करारास भारतानें अद्याप अनुसमर्थन दिलेलें नाहीं. तेव्हां ही वाट अर्धीच चालून झाली आहे असें म्हणणें प्राप्त आहे.

दुसरी हकीकत पुणें जिल्ह्यांतील. होली क्रॉस संघाच्या सिस्टर लूसी कुरियन या केरळांत जन्मलेल्या. १९९१ सालीं त्या पुण्यांत काम करीत असतां एक गरोदर स्त्री त्यांच्याकडे आली. नवरा जिवावर उठला आहे, आजची रात्र आसरा द्या, अशी तिची विनवणी होती. कोणास ठेवून घेण्याचा अधिकार सिस्टर लूसींच्या हातीं नव्हता. त्यांनीं तिला दुसऱ्या दिवशीं येण्यास सांगितलें. त्या रात्रींच नवऱ्यानें तिला पेटवून दिलें. ती गेली, आणि पोटांतलें मूलहि गेलें. या घटनेनंतर प्रार्थनेंत मन लागेना, असें होणें स्वाभाविक होतें. परंतु सिस्टर लूसींनीं शोक करून स्वस्थ बसणें नाकारलें. सहा वर्षांच्या खटपटीनंतर २ फेब्रुवारी १९९७ रोजीं वढू बुद्रुक या गांवीं त्यांनीं एक घर उघडलें. त्याचें नांव ठेवलें 'माहेर'.

मराठी स्त्रीच्या मनांतील सर्वांत हळवा शब्द एका मल्याळी धर्मभगिनीनें निवडावा, यांतच त्या घराचें धोरण सांपडतें. येणारीची जात विचारीत नाहींत, धर्म विचारीत नाहींत; सर्व धर्मांचे सण तेथें साजरे होतात. पुढें अशीं घरें केरळांत आणि झारखंडांतहि निघालीं. २०१६ सालीं सिस्टर लूसींना नारीशक्ति पुरस्कार मिळाला. ख्रिस्ती संस्थेचें कार्य म्हटलें कीं धर्मांतराची शंका आपल्याकडे लगेच निघते. शंका घेण्यांत गैर कांहीं नाहीं. पण तिचा निकाल कामावरून लागावा, पोशाखावरून लागूं नये.

वढू बुद्रुक आणि मोडनिंब यांचा एक संबंध आहे, तो भीमेचा. वढूच्या शिवारावरून वाहणारी भीमा खालीं मुळामुठेचें पाणी पोटांत घेते आणि माढा तालुक्यांत उजनीच्या धरणांत येऊन थांबते. पुण्याचें आणि पिंपरी-चिंचवडचें सांडपाणी याच वाटेनें उजनींत उतरतें. त्या पाण्यावर खालचीं गांवें आणि उंसाचे मळे जगतात. आणि धरण जवळ असूनहि ज्यांच्या शेतापर्यंत पाट पोंचत नाहीं त्यांचीं शेतें कोरडींच राहतात. अशा घरांतील स्त्री दुष्काळांत शहराकडे निघते आणि दुसऱ्याच्या घरीं भांडीं घांसते. त्या भांड्यांचें पाणी नदीनें पुन्हां तिच्याच मुलखाकडे येतें. न्याय, शांतता आणि सृष्टीचें रक्षण हीं तीन निराळीं कार्यें नाहींत, असें भगिनींचे संघ आज सांगतात, त्याचा अर्थ या एका नदीवर स्पष्ट होतो. पोप फ्रान्सिस यांनीं २०१५ सालीं सृष्टीविषयीं जें पत्र प्रसिद्ध केलें, त्यांतहि पृथ्वीचा आक्रोश आणि गरिबाचा आक्रोश एकत्र ऐकण्याचाच आग्रह आहे.

चारशें वर्षांत मठाच्या भिंतीपासून मोलकरणींच्या सभेपर्यंत ही वाटचाल झाली. तिच्यांत दयेला कमी लेखण्याचें कारण नाहीं. दयेवांचून १९९१ सालच्या त्या रात्रीचें दुःख कोणास झालें नसतें. परंतु दया प्रसंगावर अवलंबून असते, देणाऱ्याच्या मनावर अवलंबून असते. आज दार उघडतें, उद्यां उघडेलच असें नाहीं. न्याय म्हणजे तेंच दार कायमचें उघडें ठेवण्याची व्यवस्था होय. ती व्यवस्था व्रतस्थ स्त्रियांनीं एकट्यांनीं करावयाची नाहीं. सणाला जुनें लुगडें देणें ही दया झाली. आठवड्याची हक्काची सुटी, आजारपणांतहि न कापलेला पगार, कल्याण मंडळांत नोंदणी आणि हांक मारण्यास तिचें स्वतःचें नांव, हा न्याय झाला. त्यासाठीं मठांत जावें लागत नाहीं, कीं व्रत घ्यावें लागत नाहीं; प्रत्येक सुशिक्षित घराच्या स्वयंपाकघरांत त्याचा आरंभ होऊं शकतो.